नट्टू काकांचा पगार

३ ऑक्टोबर २०२१ रोजी, रविवारी, घनश्याम नायक यांचे मुंबईत निधन झाले. वय ७७ होते आणि सुमारे वर्षभर ते कर्करोगाशी झुंजत होते. त्यांचे हे नाव ऐकून आपल्यापैकी अनेकांनी ‘हे कोण?’ असे विचारले असते. परंतु ‘नट्टू काका गेले’ एवढे शब्द कानी पडताच घरातील शाळकरी नातवापासून वृद्ध आजीपर्यंत सर्वांना, आपल्या ओळखीचे कोणी गेल्यासारखे वाटले. ज्या नटाचे नाव माहीत नाही, परंतु ज्याच्या जाण्याने घरात क्षणभर शांतता पसरते, त्याच्या कामाची याहून मोठी पावती कोणती असू शकेल?

‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही मालिका २८ जुलै २००८ रोजी सुरू झाली आणि सप्टेंबर २०२० मध्ये तिने ३,००० भागांचा टप्पा गाठला. तिचे मूळ गुजराती लेखक तारक मेहता यांच्या सदरात आहे. ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात १९७१ पासून ते ‘दुनियाने ऊंधा चश्मा’ हे सदर लिहीत. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १ मार्च २०१७ रोजी ते निवर्तले. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये डॉक्टर हाथींची भूमिका करणारे कवी कुमार आझाद गेले आणि आता नट्टू काका. तेरा वर्षे रोज भेटणाऱ्या गोकुळधाम सोसायटीतील एकेक माणूस असा उठून जाऊ लागला की, हे केवळ मनोरंजन होते असे म्हणवत नाही.

आपल्या व्यापारी घरांत या मालिकेचे स्थान काही वेगळेच आहे. इतवारी, गांधीबाग, मस्कासाथ भागातील आपली कित्येक मंडळी संध्याकाळचा डबा दुकानावरच मागवतात आणि दिवस मावळण्यापूर्वी जेवण आटोपतात. मग रात्री शटर खाली ओढून, गल्ला मोजून घरी परतावे आणि हातपाय धुऊन दूरदर्शन संचासमोर टेकावे, तो पडद्यावरही एक दुकानच उघडलेले असे. जेठालाल चंपकलाल गडा हा आपल्यासारखाच दुकानदार. त्यालाही न खपणाऱ्या मालाची चिंता, कंपनीच्या माणसाची मनधरणी, वडिलांचा धाक आणि अडलेल्या वसुलीचा घोर. मालिकेत ‘गडा इलेक्ट्रॉनिक्स’ म्हणून जे दुकान बाहेरून दिसते, ते मुंबईत खार येथे खरोखरच आहे. त्याचे नाव पूर्वी वेगळे होते. परंतु लोक ते पाहायला आणि त्यासमोर छायाचित्रे काढून घ्यायला इतके येऊ लागले की, मालकाने दुकानाला मालिकेतीलच नाव देऊन टाकले. ग्राहक ज्या नावाने ओळखतो, तेच पेढीचे खरे नाव, हे त्या दुकानदाराने ओळखले!

या दुकानाच्या आत चष्मा लावलेले, खांदे किंचित पुढे झुकलेले, वय झाले तरी रोज नेमाने हजर होणारे नट्टू काका. मालिकेतील पूर्ण नाव नटवरलाल प्रभाशंकर उंधाईवाला. पुतण्या बाघा हाताखाली. मालकाला दोघेही ‘शेठजी’ म्हणणार. काकांनी ऐकावे एक आणि करावे भलतेच. मध्येच इंग्रजी शब्दांची अशी काही मोडतोड करावी की, ऐकणाऱ्याने डोक्याला हात लावावा. शेठजी रागावले की निमूट मान खाली घालावी आणि दुसऱ्या क्षणी त्याच शेठजींच्या काळजीने व्याकूळ व्हावे. त्यांचा सर्वात लाडका विनोद मात्र पगाराचा. शेठजींची मनःस्थिती जरा प्रसन्न दिसली की, काका हळूच पगारवाढीचा विषय काढणार. शेठजी तो ऐकून न ऐकल्यासारखे करणार, किंवा एखादी जुनी चूक उकरून काढून काकांनाच गप्प बसवणार. काका खट्टू होणार, आणि उद्या पुन्हा दुकान उघडायला ठरल्या वेळी हजर. तेरा वर्षांत हा प्रसंग किती वेळा आला याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी आपण हसलो.

आपण का हसलो, याचा विचार करण्यापूर्वी हा माणूस कोण होता, हे पाहू.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात वडनगरजवळ उंधाई नावाचे गाव आहे. घनश्याम नायक तेथले. मालिकेतील काकांचे ‘उंधाईवाला’ हे आडनाव या गावावरूनच आले. नटाने आपले गाव पात्राच्या नावात गुंफून घरोघरी पोहोचवले, असेच म्हणावे लागेल. त्यांचे घराणे पिढ्यान्पिढ्या रंगभूमीचे, भवाईचे. भवाई म्हणजे गुजरातचे लोकनाट्य. चौदाव्या शतकातील असाईत ठाकर हे त्याचे जनक मानले जातात. आख्यायिका अशी की, एका पाटलाच्या मुलीला एका सरदाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी, ती आपलीच मुलगी आहे असे या ब्राह्मणाने सांगितले आणि ते पटवून देण्यासाठी तिच्या पंक्तीला बसून तो जेवला. मुलगी सुटली, परंतु जातीने त्याला वाळीत टाकले. पोटासाठी त्याने गाणे, नाचणे आणि सोंगे आणणे पत्करले आणि त्यातून भवाई जन्माला आली. तिच्या एकेका नाट्याला ‘वेश’ म्हणतात. त्यात ‘रंगलो’ नावाचा विदूषक असतो, आपल्या तमाशातील सोंगाड्याचा जणू सख्खा भाऊ. हसता हसता राजापासून सावकारापर्यंत सर्वांना चार खडे बोल सुनावण्याची मुभा त्याला असते. घनश्याम नायकांनी या परंपरेतून बाळपणीच तोंडाला रंग लावला. पुढे गुजराती रंगभूमी, गुजराती व हिंदी चित्रपट आणि असंख्य दूरचित्रवाणी मालिका असा त्यांचा प्रवास झाला. १९९९ च्या ‘हम दिल दे चुके सनम’मध्ये विठ्ठल काकांच्या भूमिकेत ते आपण पाहिले आहेत, फक्त तेव्हा आपण त्यांना ओळखत नव्हतो.

हा प्रवास सुखाचा नव्हता. तारुण्यात चोवीस तास राबून हाती ३ रुपये पडत, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले होते. घरभाडे भरण्यासाठी आणि मुलांच्या शाळेच्या शुल्कासाठी शेजाऱ्यांकडे हात पसरावे लागल्याचेही त्यांनी लपवले नाही. शंभरावर चित्रपट आणि शेकडो मालिका अशी यादी कागदावर भरगच्च दिसते. पण त्यांतील बहुतेक भूमिका एका दृश्याच्या, दोन वाक्यांच्या. आज काम आहे, उद्याचे ठाऊक नाही. ज्याला आपण ‘बांधलेला पगार’ म्हणतो, तो या कलावंताच्या आयुष्यात साठी ओलांडल्यावर आला, आणि तोही पगार वाढत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या नोकराची भूमिका करून! या मालिकेने आपल्याला स्थैर्य दिले, असे ते कृतज्ञतेने सांगत. दैवाचा हा विनोद कोणत्याही लेखकाला सुचला नसता.

२०२० मध्ये टाळेबंदी आली. मे २०२० अखेर महाराष्ट्र शासनाने चित्रीकरणाला सशर्त परवानगी दिली, तेव्हा ६५ वर्षांवरील कलावंतांना चित्रीकरणस्थळी येण्यास मज्जाव होता. हेतू चांगला होता, परंतु ज्याचे पोट रोजच्या कामावर, त्याने घरी बसून खायचे काय, हा प्रश्न ज्येष्ठ कलावंतांनी उभा केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि ७ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने ती अट रद्द केली. नायकांसारख्या नटांना पुन्हा उभे राहण्याची वाट मोकळी झाली. पण सप्टेंबरमध्ये त्यांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. तीतून सावरून ते कामावर परतले. पुढच्या वर्षी आजार उलटला, तरी त्यांना ओढ कामाचीच होती. राज्यात चित्रीकरण पुन्हा थांबले असता मालिकेचा तळ दमणला हलला होता, आणि उपचार चालू असतानाही एका खास प्रसंगासाठी त्यांनी चित्रीकरण केले. तोंडाला रंग असतानाच शेवटचा श्वास घ्यावा, अशी त्यांची इच्छा होती. ती शब्दशः पुरी झाली नाही. परंतु अखेरच्या प्रवासाला निघण्यापूर्वी त्यांच्या चेहऱ्याला रंगभूषा करण्यात आली, असे वृत्तपत्रांत वाचले. शेठजींची भूमिका करणारे दिलीप जोशी आणि बाघाची भूमिका करणारे तन्मय वेकरिया निरोप द्यायला हजर होते.

आता त्या हसण्याकडे वळू.

कमी पगाराच्या, दबलेल्या, तरीही स्वाभिमान जपणाऱ्या माणसावर आपल्याकडे विनोद नवा नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव कारकूनच होता. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी तो आणि गुंड्याभाऊ दूरदर्शनवर आणले, तेव्हा ज्यांच्या घरी संच नव्हता, ते शेजारी जाऊन बसत. १९८८ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील वागळे आला, तोही नोकरदारच. परंतु चिमणराव आणि वागळे यांच्या कथेत आपण त्यांच्या बाजूने उभे असतो. साहेब हा दूरचा, कचेरीतला माणूस. नट्टू काकांच्या बाबतीत आपली, म्हणजे या पानाच्या वाचकांची, गोष्ट निराळी आहे. त्या दुकानात आपण गल्ल्याच्या आतल्या बाजूला बसलेलो आहोत. पगारवाढ मागणारे काका आपले, आणि ती टाळणारे शेठजीही आपणच. हा विनोद आपल्याला इतका भावला, तो दोन्ही पात्रे आपल्या रोजच्या पाहण्यातली म्हणून.

व्यापारी बँकेत ३४ वर्षे काढल्यामुळे मला नागपूरच्या पेढ्यांची ओळख झाली ती मालकांपेक्षा त्यांच्या मुनीमजींमार्फत. कॅश क्रेडिटच्या तपासणीसाठी गोदामात जावे तर बरोबर मुनीमजी. स्टॉक स्टेटमेंटवर सही शेठजींची, परंतु आकडे मुनीमजींचे. कोणत्या थप्पीत किती कट्टे, कोणता माल कोणत्या बिल्टीने आला, कोणाची उधारी दिवाळीआधी सुटेल आणि कोणाची बुडाली असे समजावे, हे सारे त्यांच्या डोक्यात. संगणक आला, जीएसटी आला, वह्या गेल्या, तरी संध्याकाळी रोकड जुळली नाही की हाक जाई ती मुनीमजींनाच. पेढीची तिसरी पिढी गादीवर बसलेली असे आणि मुनीमजी मात्र पहिल्या पिढीतले. मुले त्यांना ‘काका’ म्हणत. लग्नाच्या पत्रिकेसाठी नावांची यादी करायची असली, तरी सोयऱ्याधायऱ्यांची नावे त्यांना तोंडपाठ.

अशाच एका धान्याच्या पेढीवरचे मुनीमजी मला आठवतात. ३४ वर्षे त्यांनी एकाच गादीशेजारी काढली. तूरडाळीचा दाणा तळहातावर घेऊन तो कोणत्या भागातला, हे ते सांगत. पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आकडे दिसेनासे झाले आणि एका दिवाळीला त्यांना निरोप देण्यात आला. शाल, श्रीफळ आणि ५,००१ रुपयांचे पाकीट. शेठजींचे डोळे पाणावले, मुनीमजीही रडले. शेठजी मनाने वाईट नव्हते. मुनीमजींच्या पत्नीच्या आजारपणात रुग्णालयाचा सारा खर्च त्यांनी न मागता केला होता. वर्षभराने मुनीमजी माझ्या टेबलासमोर येऊन बसले. गावाकडच्या घराची भिंत खचली होती, थोडे कर्ज मिळेल का, असे त्यांनी विचारले. वय ६८, उत्पन्नाचा पुरावा शून्य, निवृत्तिवेतन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. ज्या माणसाने तयार केलेल्या आकड्यांच्या भरवशावर बँकेने त्या पेढीला लाखो रुपये दिले, त्याला स्वतःला २०,००० रुपये देण्याजोगा एकही कागद त्याच्यापाशी नव्हता. नियमात बसेल असे काही माझ्या हाती नव्हते. चहा घेऊन ते उठले आणि जाताना शेठजींच्या खात्यातील एका चेकची चौकशी करून गेले, सवयीने!

या उलट गांधीबागेतील एका कापड व्यापाऱ्याची गोष्ट. मुनीम कामावर लागला त्याच महिन्यात त्यांनी त्याच्या नावाने आमच्या शाखेत आवर्ती ठेव उघडली. पुस्तक मुनीमजींकडे, हप्ता पेढीकडून. मुदत भरली की रक्कम मुदत ठेवीत आणि नवे आवर्ती खाते सुरू. हा शिरस्ता वीस-बावीस वर्षे चालला. एकदा मी कौतुक केले, तेव्हा ते दानधर्माविषयी काहीच बोलले नाहीत. हिशेबाचीच भाषा बोलले. दुकानातील वजनकाट्याचा, पंख्याचा, मोटारीचा घसारा आम्ही दरवर्षी लिहितो. माणूसही झिजतोच, मग त्याचा घसारा का लिहू नये, असे त्यांचे म्हणणे होते. एम.कॉम.ला मी घसारा आकारण्याच्या नाना पद्धती शिकलो. ही पद्धत कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. तो मुनीम निवृत्त झाला तेव्हा आपल्या गावी स्वतःचे घर बांधून राहायला गेला. घरभरणीला शेठजी सहकुटुंब गेले होते.

या दोन पेढ्यांत फरक मनाच्या मोठेपणाचा नव्हता, तो पद्धतीचा होता. पहिल्या शेठजींनी जे दिले ते प्रसंगाने दिले, दुसऱ्यांनी नेमाने दिले. प्रसंगाने दिलेल्यात उपकार असतो, आणि तो घेणाऱ्याला मान खाली घालायला लावतो. नेमाने मिळालेले माणूस ताठ मानेने घरी नेतो. ‘तो आमच्या घरचाच माणूस आहे’ हे आपले आवडते वाक्य. ते बहुधा मनापासूनचे असते. तरीही या वाक्याच्या आडोशाला किती गोष्टी लिहायच्या राहून जातात, हे एकदा तपासून पाहावे. हजेरीची वही नाही, पगाराची पावती नाही, रजा किती ते ठरलेले नाही, निवृत्तीचे वय नाही. घरच्या माणसाशी कसला करार, असे आपण म्हणतो. परंतु घरच्या माणसाला वाटणीत हिस्सा असतो. या घरच्या माणसाला तो नसतो, आणि परका म्हणून जे कायद्याने मिळाले असते, तेही हाती पडत नाही. काकांचे काकापणही जाते आणि नोकराचा हक्कही.

आता त्या न वाढणाऱ्या पगाराचा हिशेब. समजा, एखाद्याचा पगार १०,००० रुपये आहे आणि तो सहा वर्षे तेवढाच राहिला. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर सहाव्या वर्षाअखेर त्या १०,००० रुपयांत पूर्वीच्या सुमारे ७,४६० रुपयांइतकाच माल येतो. म्हणजे आपण पगार कायम ठेवला असे म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात तो चौथ्या हिश्श्याने कापलेला असतो. हे आपल्याला कोणी सांगायला नको. मालाचा भाव दरवर्षी नव्याने लावताना ही महागाई आपण अचूक धरतो. नट्टू काकांची मागणी ज्याला आपण लाडिक हट्ट समजून हसलो, ती खरे तर वाढीची मागणीच नव्हती. ते आपले जुनेच मोल परत मागत होते.

दुसरा हिशेब ग्रॅच्युइटीचा. यासंबंधीचा कायदा मूळचा १९७२ चा. दहा वा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकानांना तो लागू होतो, आणि एकदा लागू झाल्यावर संख्या दहाच्या खाली आली तरी लागू राहतो. सलग पाच वर्षे सेवा झालेल्या माणसाला प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यायचे, आणि त्यासाठी महिना २६ दिवसांचा धरायचा. शेवटचे वेतन १३,००० रुपये आणि सेवा २८ वर्षे असेल, तर ही रक्कम बरोबर २,१०,००० रुपये होते. एकरकमी आकडा ऐकून छाती दडपते. पण त्याच वेतनावर एका वर्षाचा भार ७,५०० रुपये, म्हणजे महिन्याला ६२५ रुपये. दुकानाच्या चहापाण्याचा खर्च बहुधा याहून अधिक असतो. ज्यांच्याकडे चार-पाचच माणसे आहेत, त्यांच्यावर कायद्याची सक्ती नाही. परंतु गांधीबागेतील त्या व्यापाऱ्यावर तरी ती कुठे होती? चाळिशीच्या आतील माणसासाठी केंद्र शासनाची ‘श्रमयोगी मानधन’ योजना आहे. मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असलेल्या असंघटित कामगाराने थोडी रक्कम भरायची, तेवढीच शासन घालते आणि साठीनंतर दरमहा ३,००० रुपये मिळतात. वर्षाला अगदी थोड्या रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आहे. हे अर्ज भरून देणे म्हणजे अर्ध्या तासाचे काम. मुनीमजी आयुष्यभर आपले अर्ज भरत आले. एखादा आपण त्यांचा भरावा.

यावर आपली बाजूही मी जाणतो. २०१६ पासूनची पाच वर्षे बाजाराला सोपी गेली नाहीत. नोटाबंदी, मग नवी करप्रणाली, घरबसल्या माल मागवणारे ग्राहक आणि त्यावर दोन टाळेबंद्या. दुकान बंद आणि भाडे, वीज, व्याज चालू, असे महिने आपण काढले. तशातही कामगारांना घरपोच धान्य देणाऱ्या आणि बंद दुकानाचा पगार चालू ठेवणाऱ्या पेढ्या आपल्या नागपुरात होत्या. त्यांनी त्याचा गाजावाजा केला नाही. त्यांना माझा नमस्कार आहे. ज्या काळात मोठमोठ्या कंपन्यांनी एका संदेशासरशी माणसे कमी केली, त्या काळात आपल्या लहान दुकानांनी माणसे धरून ठेवली. नात्याची ही ऊब आपल्याकडे आहेच. तिला वहीची जोड मिळाली, तर ती टिकते. शेठजींची आठवण, मनःस्थिती आणि मुलांची मर्जी यांवर ती अवलंबून राहिली, तर एका पिढीबरोबर संपते. वडिलांनी मुनीमजींना तोंडी दिलेला शब्द मुलाला ठाऊकच नसतो, हे बँकेच्या टेबलावरून मी अनेकदा पाहिले आहे.

या लेखाने मालिकेतील निर्मळ विनोदावर पाणी ओतावे, अशी इच्छा नाही. जेठालाल दुष्ट नाही, म्हणून तर तो आपल्याला आवडतो. नट्टू काकांवर तो ओरडतो, पण त्यांच्यावाचून त्याचे पान हलत नाही. भवाईतील रंगलो नेमके हेच काम करतो. तो आपल्याला हसवतो आणि हसता हसता आपल्या हाती आरसा देऊन जातो. चारशे पानी अहवालाने जे साधत नाही, ते त्या झुकलेल्या खांद्यांनी, अडखळत काढलेल्या पगाराच्या विषयाने आणि दुसऱ्या दिवशीच्या वक्तशीर हजेरीने साधले. ३ रुपयांवर राबलेला माणूस ती भूमिका करत होता, म्हणून त्या मागणीत कधी खोटा सूर लागला नाही. वाकलेला खांदा काय सांगतो, ते त्याला शिकवावे लागले नव्हते.

घनश्याम नायकांना श्रद्धांजली म्हणून अनेकांनी मालिकेतील त्यांचे प्रसंग पुन्हा पाहिले, एकमेकांना पाठवले, हसले आणि हळहळले. ते योग्यच झाले. आपल्या व्यापारी घरांना मात्र आणखी एक श्रद्धांजली वाहता येण्याजोगी आहे. येत्या दिवाळीत लक्ष्मीपूजन होईल. नवी वही आणली जाईल, कुंकवाने स्वस्तिक काढले जाईल, ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिले जाईल. बोनस आणि मिठाईचा डबा आपण देतोच. पूजा आटोपल्यावर त्या कोऱ्या वहीत एक खाते आपल्या दुकानातील सर्वात जुन्या माणसाच्या नावे उघडावे. त्यावर यंदाची पगारवाढ लिहावी, आणि खाली त्याच्या म्हातारपणासाठी दरमहा बाजूला काढावयाची रक्कम. लिहून झाले की तो माणूस मागायला येण्यापूर्वीच, ते पान त्याला वाचून दाखवावे.